घरविक्रीपूर्व बांधकाम-तपासणी
जुने घर वा सदनिका विकण्यापूर्वी बांधकामाची स्थिती, त्यातील दोष, आवश्यक दुरुस्त्या आणि बांधकाम-नियमांचे पालन यांची तज्ञाकडून करून घेतलेली पाहणी. भारतात प्रत्येक विक्रीपूर्वी अशी पाहणी करणे कायद्याने सक्तीचे नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये विक्रीचा दस्त नोंदविला जातो व मालकी हस्तांतरित होते. परंतु इमारत भक्कम आहे किंवा नियमानुसार बांधलेली आहे, याची ग्वाही त्या नोंदणीने मिळत नाही.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात या उणिवेचे गांभीर्य विशेष जाणवते. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे तेथील पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळून पस्तीसहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली होती.

दोषांचे स्वरूप : कोकणपट्टीतील दमट हवा व दीर्घ पावसाळा यांमुळे गच्ची, न्हाणीघर व बाहेरील भिंती यांतून पाणी झिरपते आणि काँक्रीटमधील लोखंडी सळया गंजतात. गंजामुळे सळईचे आकारमान वाढते, काँक्रीटला सळईच्या दिशेने तडे जातात व त्याचे पापुद्रे सुटतात. तळमजल्यावर यंत्रमाग चालत असल्यास आधीच कमकुवत झालेल्या सांगाड्यावर कंपनांचा ताण पडतो. भार पेलणारी भिंत काढणे वा मूळ आराखड्यात नसलेला मजला चढविणे, हे त्याहून गंभीर दोष होत.

तपासणी व दुरुस्ती : संरचना अभियंता प्रथम डोळ्यांनी पाहणी करतो. नंतर आवश्यकतेनुसार प्रतिक्षेप हातोडा व श्राव्यातीत स्पंद यांच्या चाचण्यांनी काँक्रीटची प्रत अजमावली जाते. अहवालानुसार इमारतींचे चार वर्ग करतात : तत्काळ रिकामी करून पाडावयाची (सी-१), रिकामी करून दुरुस्त करावयाची (सी-२ए), रिकामी न करता दुरुस्त करावयाची (सी-२बी) आणि किरकोळ दुरुस्तीची (सी-३). दुरुस्तीत सुटलेले काँक्रीट काढून सळया साफ करतात, गंजरोधक लेप देतात, झिजलेल्या सळयांना जोड देतात व नवा थर भरतात. नुसता गिलावा व रंग दिल्याने तडे झाकले जातात; गंज आत वाढतच राहतो.

नियम व कागदपत्रे : राष्ट्रीय इमारत संहिता ही मार्गदर्शक स्वरूपाची असून प्रत्यक्ष बंधन स्थानिक नियमांमुळे येते. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र हे विक्रीच्या वेळी पडताळावयाचे प्रमुख कागद होत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ए अन्वये तीस वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे मालकावर वा भोगवटादारावर बंधनकारक आहे. कलम २६४ अन्वये धोकादायक बांधकामाबाबत नोटीस देता येते.

विक्रेत्याची जबाबदारी : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास सामान्य दक्षतेने न आढळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे, तो न सांगणे ही लबाडी मानली जाते. कराराच्या दिवसापासून ताबा देईपर्यंत मालमत्तेची योग्य निगा राखणे, हेही विक्रेत्याचेच कर्तव्य आहे. दोष आढळल्यास विक्रीपूर्वी दुरुस्ती करणे, अथवा तो करारात नमूद करून किंमत कमी करणे, असे दोन मार्ग असतात. सदनिकेच्या बाबतीत अडचण अशी, की खांब, तुळया व गच्ची सामाईक असल्याने त्यांची दुरुस्ती एकट्या विक्रेत्याला करता येत नाही. अशा वेळी संस्थेचा तपासणी-अहवाल, दुरुस्तीचा ठराव व थकीत वर्गणी यांची माहिती खरेदीदारास देणे आवश्यक ठरते.

महानगरपालिकेची नोटीस लागलेल्या इमारतीतील घर विकल्याने नोटीस रद्द होत नाही. मालक बदलतो, इमारतीतील धोका मात्र तसाच राहून नव्या कुटुंबाच्या वाट्याला येतो.