न दिसणारा दिवा

ऑस्टिनहून एका वाचकांचं पत्र आलं. ते मूळचे सांगलीकडचे, नोकरीनिमित्त पंधरा वर्षं तिकडे. ऑफिसातल्या मित्राचं शहराबाहेर मोठं शेत आहे. गेल्या हंगामात रानडुकरांनी पेरलेला मका ओळीच्या ओळी उकरून खाल्ला. यंदा पेरणीच्या दिवसांत हे दोघं रात्री रायफल घेऊन बांधावर बसणार आहेत. नाईट व्हिजनची दुर्बीण घेऊन झाली आहे. तिच्यासोबत लावायचा इन्फ्रारेड टॉर्च कोणता घ्यावा, ८५० चा की ९४० चा, असा त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न नेत्रतज्ज्ञाला का विचारला, ते शेवटच्या परिच्छेदात कळलं. मागवलेला एक टॉर्च चालू झाला की नाही हे बघायला त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाने त्याच्या काचेत डोकावून पाहिलं. काहीच दिसलं नाही म्हणून त्याने पुन्हा पाहिलं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचा विषय संपवला आहे. टेक्सासमध्ये मात्र रानडुक्कर हा वन्यजीव मानतच नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली, १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातले रानडुक्कर आणून सोडले, आणि दोघांचा संकर माजला. आज एकट्या टेक्सासात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने ती मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. डुकराला घाम फारसा येत नाही. त्यामुळे तिकडच्या उन्हाळ्यात ते दिवसा चिखलात पडून राहतं आणि रात्री बाहेर पडतं. म्हणून शेतकऱ्यालाही रात्रीच बसावं लागतं.

आता दिव्याकडे वळू. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. ७०० च्या पलीकडे तांबडा रंग विझत जातो आणि अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, सुरू होतो. घरातला टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही, पण स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकतो. तो बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. सोसायटीच्या फाटकावरच्या सीसीटीव्हीभोवती रात्री मंद लाल ठिपके दिसतात, ते ८५० चे. शिकारीचा टॉर्च याच जातीचा आहे, फक्त कित्येक पट जोरकस.

टॉर्च लागतोच कशाला? नाईट व्हिजनची दुर्बीण अंधारात बघते असं आपण म्हणतो, पण ती बघते चांदण्यात. जुन्या पद्धतीच्या दुर्बिणीत एक नळी असते. तिच्यावर पडलेला थोडासा प्रकाश इलेक्ट्रॉनांत बदलतो, ते हजारो पटींनी वाढवले जातात आणि हिरव्या पडद्यावर चित्र उमटतं. ढग आले, अमावस्या असली किंवा झाडाखाली बसलं, की वाढवायलाच काही उरत नाही. तिथे स्वतःचा प्रकाश न्यावा लागतो. उष्णतेवर चालणाऱ्या थर्मल दुर्बिणीला टॉर्च लागत नाही. तिच्यात जनावर पांढऱ्या डागासारखं लांबून सापडतं, पण त्याचे बारकावे पुसट होतात. त्यामुळे थर्मलने शोधायचं आणि इन्फ्रारेडने ओळख पटवायची, अशी जोडी अनेक जण वापरतात.

म्हणून टॉर्च निवडण्याआधी आपली दुर्बीण कोणती ते बघा. तिसऱ्या पिढीच्या नळीत गॅलियम आर्सेनाइडचा थर असतो आणि त्याची संवेदना ९०० नॅनोमीटरच्या आसपास कोसळते. तिच्यासमोर ९४० चा टॉर्च लावणं म्हणजे आंधळ्यापुढे आरसा धरणं. डिजिटल दुर्बिणीत मोबाईलसारखाच सिलिकॉनचा सेन्सर असतो. त्याला ९४० दिसतं, पण ८५० च्या मानाने बरंच फिकं. थोडक्यात, ८५० ने लांबचं दिसतं, पण टॉर्चच्या तोंडाशी लालसर निखारा दिसतो. ९४० चा निखारा दिसत नाही, पण पल्ला तोकडा पडतो.

हा निखारा डुकराला दिसतो का? डुकराच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्याकडची आणि एक हिरव्याकडची. तांबड्यात त्याची नजर आपल्याहूनही अधू असते. ८५० ने बुजण्यापेक्षा ते तुमच्या वासाने बुजण्याची शक्यता जास्त. कोयोट किंवा कोल्ह्याबाबत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. जंगलात लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यांचा इन्फ्रारेड झोत काही प्राण्यांना जाणवतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं आहे. डुकरासाठी आणि डिजिटल दुर्बिणीसाठी माझं मत ८५० च्याच बाजूने आहे.

जाहिरातीत या टॉर्चची ताकद पुष्कळदा लुमेनमध्ये छापलेली असते. ती वाचून हसायला हरकत नाही. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं आहे. जो उजेड डोळ्याला दिसतच नाही त्याचे लुमेन जवळजवळ शून्य. वॉटचा आकडाही बहुधा बॅटरीतून ओढलेल्या विजेचा असतो, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नव्हे. विचारायचं ते दोनच: बाहेर किती मिलिवॉट प्रकाश पडतो आणि झोत किती अंशांत पसरतो. १०० मीटरवर १० अंशांचा झोत साधारण साडेसतरा मीटर रुंद पसरतो, ५ अंशांचा पावणेनऊ. रुंदी निम्मी केली की तेवढ्याच ताकदीत उजेड चौपट होतो. उलट अंतर दुप्पट झालं की तो पाव होतो. त्यामुळे झोत लहान-मोठा करता येणारा टॉर्च नुसत्या जास्त ताकदीच्या टॉर्चपेक्षा उपयोगी. धुकं किंवा धूळ असेल, किंवा समोर जवळच गवताची काडी असेल, तर जास्त ताकद उलटतेच. उजेड तिथूनच परत येतो आणि पडदा पांढराफेक होतो. टॉर्च दुर्बिणीच्या भिंगापासून थोडा बाजूला बसवला की हा त्रास कमी होतो.

आता त्या मुलाच्या डोळ्याकडे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

प्रखर उजेड पडला की आपण पापणी मिटतो, मान वळवतो. त्याला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि दृश्य लेसरचे सुरक्षेचे नियम या पाव सेकंदाच्या भरवशावर बांधलेले आहेत. इन्फ्रारेडला हा पहारेकरीच नाही. डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. बाहुलीही आकसत नाही. अंधारात ती ६-७ मिलिमीटर उघडलेली असते, म्हणजे उन्हातल्या २ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा दहा-बारा पट प्रकाश आत घेते. पारपटल आणि भिंग मात्र आपलं काम चोख करतात. ४०० पासून १४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ते दृष्टिपटलावर एकवटतात. लेसरसारखा समांतर झोत असेल तर पारपटलापासून दृष्टिपटलापर्यंत त्याची तीव्रता सुमारे एक लाख पट वाढते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. तिथे भाजलं तरी दुखत नाही, नंतर फक्त एक डाग उरतो.

८५० चा ठिपका फिका दिसतो म्हणून तो कमजोर आहे, असा समज होतो. फिका दिसतो तो आपल्या डोळ्याच्या मर्यादेमुळे. टॉर्चची ताकद त्यावरून कळत नाही.

एलईडी आणि लेसर यांत इथे फरक करावा लागेल. एलईडीचा प्रकाश एका पसरट पृष्ठभागातून निघतो, म्हणून दृष्टिपटलावर तो एका बिंदूत गोळा होत नाही. त्यांच्यासाठी आयईसी ६२४७१ हे मानक आहे. त्यात धोकामुक्त गट आणि पुढे १, २, ३ असे गट असतात. लांब पल्ल्याचे इल्युमिनेटर मात्र पुष्कळदा लेसरचे असतात. त्यांचे वर्ग आयईसी ६०८२५ या मानकानुसार ठरतात: १, १एम, ३आर, ३बी आणि ४. ८५० नॅनोमीटरच्या बारीक, अखंड लेसरला पहिल्या वर्गात राहायचं तर डोळ्यात जाणारा प्रकाश एका मिलिवॉटच्याही आत असावा लागतो. ३बी ची मर्यादा ५०० मिलिवॉट आहे. वर्ग १एम नुसत्या डोळ्याला सुरक्षित, पण दुर्बिणीतून पाहिला तर धोक्याचा. शेताच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मित्र साध्या दुर्बिणीतून तुमच्याकडे बघत असू शकतो, हे लक्षात ठेवा. लेसरच्या माहितीपत्रकात डोळ्यासाठी धोक्याचं अंतर मीटरमध्ये दिलेलं असतं. ते नसेल, डब्यावर वर्गही छापलेला नसेल, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काच कारागिरांना लवकर मोतीबिंदू होतो, हे जुनं निरीक्षण आहे. त्यात इन्फ्रारेडचा हात आहे. दीर्घकाळासाठी डोळ्यावर दर चौरस मीटरला १०० वॉट ही मर्यादा त्यामुळेच घातली आहे. शिकारी टॉर्चच्या मागे बसतो, त्यामुळे त्याला ही भीती जवळजवळ नाही. धोका असतो पुढे असणाऱ्याला.

पुढे कोण आहे, हा डोळ्याचाच प्रश्न आहे. रात्री झोतात दोन डोळे चमकले की हात रायफलकडे जातो. गाय, हरीण, कुत्रा यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो, म्हणून ते लखलखतात. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. माणसाच्याही नसतो. म्हणजे शेतात जे लखलखतंय ते मित्राचं वासरू असण्याचा संभव जास्त, आणि चरात वाकून बसलेल्या माणसाचे डोळे न चमकताच राहतील. टॉर्च एवढा हवा की मान, कान, पाय, शेपूट असा पूर्ण आकार दिसेल आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसेल. ज्या अंतरावर हे दिसत नाही तिथे गोळी झाडायची नाही, भले डब्यावर ४०० मीटर छापलेलं असो. आणखी एक. टॉर्च रायफलवरच बसवला असेल तर तिकडे प्रकाश टाकायचा म्हणजे नळीही तिकडेच रोखायची. शोधायला वेगळं साधन ठेवा.

दुर्बिणीचा पडदा शक्य तितका मंद ठेवा. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका झगझगीत नजरेत मोडतो. दुर्बीण बाजूला करून उठल्यावर त्या डोळ्याला पायाखालचा चर दिसत नाही.

डुक्कर मारल्यावरची एक गोष्ट माझ्या विषयाबाहेरची, पण सांगून टाकतो. रानडुकरांत ब्रुसेला सुइस हा जंतू असतो. उघड्या हातांनी डुक्कर सोलणाऱ्यांना त्यापासून चढ-उताराचा ताप आणि सांधेदुखी होते. रबरी हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा, मांस पूर्ण शिजवा. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला तर डॉक्टरांना डुकराचं आठवणीने सांगा.

मुलाबद्दल मी त्यांना लिहिलं की एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीच्या पानाकडे बघायला सांगा. रेषा वाकड्या दिसतात का, मधे डाग दिसतो का, ते विचारा. काही दिसलं नाही तरी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या. टॉर्च चालू आहे का हे पुढच्या वेळी मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघा, टॉर्चचं तोंड भिंतीकडे ठेवून.

आठवड्याने उत्तर आलं. तपासणी झाली, दोन्ही दृष्टिपटलं स्वच्छ. तो टॉर्च एलईडीचा होता, पण डब्यावर गट छापलेला नव्हता, म्हणून परत पाठवला. नवा अजून घेतलेला नाही. दुर्बीण डिजिटल आहे का नळीची, हेच आधी मित्राला विचारायचं राहिलं होतं, असं त्यांनी लिहिलं आहे.