पंप पाणी का सोडतो?

विहिरीत पाणी आहे. वीज आली आहे. मोटार घुमते आहे. पण पाटात थेंब नाही! अशी वेळ पुष्कळ शेतकऱ्यांवर येते. शेजारी म्हणतो, "पंपाने हवा धरली." हवा धरली म्हणजे काय झाले? त्यावर उपाय काय? ते आज आपण समजून घेऊ.

पाणी वर कोण चढवते?

पुष्कळांना वाटते, पंप पाणी ओढून घेतो. खरे पाहता तसे नाही. शहाळ्याचे पाणी आपण नळीने पितो, ते आठवा. आपण तोंडाने नळीतली हवा काढून घेतो. नळी आतून रिकामी होते. मग बाहेरची हवा शहाळ्यातल्या पाण्यावर दाब देते. त्या दाबाने पाणी नळीत चढते. नळीला भोक पडले तर? कितीही ओढा, तोंडात हवाच येते.

विहिरीवर हेच घडते. पंपाच्या पोटात एक पंखा असतो. तो गरगर फिरून पोटातले पाणी बाहेर फेकतो. मागे जागा रिकामी होते. मग बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला दाबते आणि पाणी नळातून वर येते.

आता पोटात पाण्याऐवजी हवा आहे, असे समजा. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. पंखा तिला जोराने फेकू शकत नाही. मग मागे जागा रिकामी कशी होणार? म्हणून पंप सुरू करण्याआधी त्याचे पोट आणि विहिरीत गेलेला नळ पाण्याने भरावा लागतो.

किती खोलवरून पाणी येते?

हवेच्या दाबालाही मर्यादा आहे. इटली देशात टॉरिचेल्ली नावाचा विद्वान होऊन गेला. हवेच्या दाबाने नळीत पारा उभा राहतो, हे त्याने इ. स. १६४४ मध्ये एका पत्रात लिहून कळवले. हा पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उभा राहतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. हिशेब करा. पाणी जास्तीत जास्त सुमारे १० मीटर चढेल. नळात घासण्याने थोडा जोर जातो. म्हणून व्यवहारात ६ ते ७ मीटर, म्हणजे २० ते २३ फूटच धरावे. घाटावर हवा विरळ असते, तिथे आणखी थोडे कमी.

उन्हाळ्यात पाणी याहून खाली गेले, तर पंप कितीही भरा, उपयोग नाही. पंपच खाली घ्यावा लागतो.

पंप कसा भरावा?

१. आधी मेन स्विच बंद करा. हात कोरडे ठेवा.

२. पंपाच्या डोक्यावरचे बूच काढा. नरसाळे लावून स्वच्छ पाणी सावकाश ओता. घाई केली तर हवा आत अडकते.

३. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत ओतत राहा.

४. पंखा हाताने एक-दोन वेळा फिरवा. दडलेली हवा बाहेर येईल. पुन्हा पाणी घाला.

५. पाणी काठोकाठ राहिले की बूच घट्ट बसवा.

६. बाहेर टाकणाऱ्या नळाला कॉक असेल तर तो बंद ठेवून पंप सुरू करा. मग हळूहळू उघडा. मोटारीवर एकदम भार येत नाही. मात्र कॉक फार वेळ बंद ठेवू नका, आतले पाणी तापते.

मिनिटभरात पाणी आले नाही तर पंप बंद करा. कोरडा पंप फार चालवला, तर आतले भाग झिजतात, जळतात. दुरुस्ती होईपर्यंत पीक तहानलेले राहते.

पाणी टिकत नसेल तर?

ओतलेले पाणी खाली उतरते का? मग फूटव्हॉल्व्ह पाहा. काही जण त्याला फुटबॉलही म्हणतात. नळाच्या तळाशी असलेले हे झापड पाणी वर येऊ देते, परत जाऊ देत नाही. त्यात काडी, पाला किंवा खडा अडकला की ते मिटत नाही. काही लोक शेणकाला ओतून वेळ मारून नेतात. त्या दिवशी काम भागते. पण आत कचरा साचतो. फूटव्हॉल्व्ह साफ करणे, नाहीतर त्याचे चामडे बदलणे हाच खरा उपाय.

पाणी उतरत नाही, तरीही पंप पाणी सोडतो? मग नळाचे सांधे तपासा. ग्लँडची दोरी झिजली आहे का, पाहा. तिथून हवा शिरते. ते शहाळ्याच्या नळीचे भोकच समजा. फूटव्हॉल्व्ह चांगला दोन हात पाण्याखाली असावा, नाहीतर भोवऱ्यातून हवा आत जाते. पंपावर बाण काढलेला असतो. मोटार त्याच दिशेने फिरते ना, तेही पाहा.

जीव मोठा

पंप खाली घेताना एक गोष्ट विसरू नका. डिझेलचे किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत कधीही चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस न कळत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. अशा वेळी आत उडी घेऊ नका. इंजिन बंद करा, माणसे जमवा, दोराने वर घ्या आणि मदत बोलवा.

रात्री-अपरात्री वीज येते. अंधार असतो, पायाखाली ओल असते. म्हणून ही सारी तपासणी दिवसाउजेडी करून ठेवावी. पंपाबरोबर माहितीचा कागद मिळतो. पुष्कळ घरी तो पत्र्याच्या पेटीत तसाच पडून असतो. आता तुम्हांला वाचता येते. तो काढा आणि वाचा. आपला पंप किती मीटरवरून पाणी घेतो, ते त्यात पाहा. मग दोराला दगड बांधून विहिरीचे पाणी किती खाली आहे, ते मोजा. दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवा. पंप पुन्हा रुसला, तर आधी त्या आकड्यांकडे पाहा.