टुलाने नाकारलेली गाडी

बाडेन संस्थानाच्या दप्तरात १८१३ सालचा एक तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. कार्ल ड्राइस या अठ्ठावीस वर्षांच्या वनाधिकाऱ्याने माणसाच्या बळावर चालणारी चारचाकी गाडी बनवली होती आणि तिच्यासाठी सरकारकडे एकाधिकार मागितला होता. आजच्या भाषेत पेटंट. अर्ज दोन बड्या माणसांकडे गेला. एक वास्तुविशारद फ्रीडरिश वाइनब्रेनर, दुसरा जलअभियंता योहान गॉटफ्रीड टुला. दोघांनीही प्रतिकूल मत दिलं. निसर्गाने माणसाला पाय दिले आहेत, त्याची ताकद चालण्यातच सगळ्यात चांगली उपयोगी पडते, मध्ये यंत्र घालून फारसं काही साधणार नाही, असा टुलाच्या मताचा सूर. अर्ज फेटाळला गेला.

या अभिप्रायाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. कारण ज्याला हा नकार मिळाला तो पुढे सायकलचा मूळपुरुष ठरला आणि ज्याने नकार दिला त्याने ऱ्हाइन नदी सरळ केली. आज आल्प्सपासून हॉलंडच्या समुद्रापर्यंत जाणारा सुमारे १२३० किलोमीटरचा ऱ्हाइन सायकल मार्ग कित्येक ठिकाणी पूरबांधाच्या माथ्यावरून धावतो. म्हणजे एकाच्या कल्पनेतून निघालेल्या वाहनावर बसून दुसऱ्याने आखून दिलेल्या नदीच्या काठाने जायचं. आम्ही नवरा-बायको या मार्गाने गेलो ते मुख्यतः या दोन माणसांसाठी. नवऱ्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. तो टुलाच्या बाजूचा, मी ड्राइसच्या. हा वाद आम्ही घरातूनच बरोबर नेला होता.

टोमा तलावाकडचा उगम, बोडनझे, शाफहाउझनचा धबधबा यांवर प्रवासवर्णनं भरपूर आहेत. मी थेट बाझेलच्या खाली येते, कारण टुलाची नदी तिथून सुरू होते.

त्याच्या आधीची ऱ्हाइन इथे एका पात्रात वाहतच नव्हती. बाझेलच्या खाली तिचे असंख्य फाटे, मध्ये हजारोंनी बेटं आणि वाळूचे पट्टे. उत्तरेकडे कार्ल्सरूहेच्या पुढे मोठमोठी वळणं. पुरागणिक पात्र हलायचं. शेतं जायची, गावं जायची. डेटेनहाइम हे गाव पुरांना इतकं कंटाळलं की १८१३ मध्ये लोकांनी ते सोडलं आणि आत जाऊन कार्ल्सडॉर्फ वसवलं. दलदलीमुळे हिवताप घरोघरी. टुलाने १८१२ मध्ये यावरचा उपाय लिहून काढला: नदीला एकच पात्र पुरे, वळणांच्या माना कापा, दोन्ही बाजूंना बांध घाला.

१८१७ मध्ये बाडेन आणि पलीकडच्या काठाचा मालक बव्हेरिया यांच्यात करार झाला आणि क्नीलिंगेनजवळ पहिल्या छेदाचं काम निघालं. पद्धत विलक्षण हुशारीची होती. सगळं पात्र खणायचंच नाही. वळणाच्या मानेतून वीसेक मीटर रुंदीचा चर काढायचा, त्यात नदी सोडायची. उतार वाढल्यामुळे वेगाने येणारं पाणी उरलेलं खोदकाम स्वतः करतं. नवऱ्याने मला हे बांधावर उभं राहून काठीने मातीत रेघा मारत समजावलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी क्वचित पाहिलेला आनंद होता. "नदीलाच मजुरीला लावलं गं त्याने," तो म्हणाला.

क्नीलिंगेनच्या शेतकऱ्यांना मात्र यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. छेद झाला की त्यांची जमीन नदीपलीकडे जाणार होती. ते कामावर चालून गेले, सरकारने सैन्य आणलं आणि काम शिपायांच्या पहाऱ्यात पुढे सरकलं. १८१८ च्या जानेवारीत नदी नव्या चरात शिरली. पुढे १८२४ च्या मोठ्या पुरात छेद झालेल्या पट्ट्याला कमी झळ लागली, तेव्हा काठावरचा विरोध मावळत गेला. पण खालच्या अंगाचे प्रशिया आणि नेदरलँड्स बिथरले. वर पाणी लवकर सुटलं तर ते आमच्या अंगावर येणार, हे त्यांचं म्हणणं. वरचा आणि खालचा हा तंटा सांगली-कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. नवऱ्याच्या मते प्रशियाची भीती अवाजवी होती. माझ्या मते ती फक्त दीडशे वर्षं लवकर व्यक्त झाली.

टुला १८२८ मध्ये पॅरिसला वारला. मॉंमार्त्रच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. काम मात्र १८७६ पर्यंत चाललं. बाझेल ते वोर्म्स हे ३५४ किलोमीटरचं अंतर २७३ वर आलं. एक्याऐंशी किलोमीटर नदी नाहीशी झाली. हिवताप ओसरला, गावं स्थिर झाली, जमीन मिळाली. ब्राइझाखला टेकडीवर १८७४ चा टुलाचा मनोरा आहे, त्यावर त्याला रानटी ऱ्हाइनला वठणीवर आणणारा म्हटलं आहे. दुसरी बाजू त्याच ब्राइझाखच्या दक्षिणेला दिसते. वेगवान झालेली नदी खाली तळ कापत गेली, नॉयेनबुर्गजवळ तर सात मीटरपर्यंत. भूजल खचलं, विहिरी आटल्या, काठची ओली जंगलं वाळली. विसाव्या शतकात फ्रान्सने समांतर कालवा काढला, मग एकामागून एक बंधारे आले. शेवटचा इफेट्सहाइमचा, १९७७ मधला. या बंधाऱ्यांनी पूर पसरायच्या जागा बंद केल्या आणि बाझेलचा पूर कार्ल्सरूहेला पोहोचायला पूर्वी ६५ तास लागत, तिथे ३० तास लागू लागले. इफेट्सहाइमच्या खाली तळ आणखी खचू नये म्हणून आजही बार्जमधून दरवर्षी लाखाहून अधिक घनमीटर गोटे-वाळू नदीत ओततात. एकदा उचललेली जबाबदारी नदी परत घेत नाही, तिचं वेतन पिढ्यान्‌पिढ्या भरावं लागतं. हे माझं मत. नवऱ्याला ते अन्यायाचं वाटतं. टुलाच्या आधीच्या गावात एक पोर तापाने गेलेली बाई असतीस तर असं बोलली नसतीस, असं त्याने मला ऐकवलं आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता ड्राइस. क्नीलिंगेनला सैन्य आलं त्याच १८१७ साली, १२ जूनला, तो मानहाइममधल्या घरून निघाला. या वेळी गाडीला दोनच चाकं होती, एकामागे एक. लाकडी सांगाडा, बावीसेक किलो वजन, पेडल नाहीत. स्वार मधल्या आडव्या लाकडावर बसतो आणि जमिनीला पाय मारत पुढे जातो. श्वेट्सिंगनच्या रस्त्यावरच्या टपालाच्या घोडे-बदली चौकीपर्यंत, सुमारे सात किलोमीटर जाऊन तो परत आला. सगळं तासाभरात. टुलाने चालण्याबद्दल जे लिहिलं होतं त्याचं उत्तर ड्राइसने याच पायांनी दिलं. तोल पुढच्या चाकाने सांभाळायचा, हा खरा शोध होता. तोपर्यंत दोन चाकांवर माणूस उभा राहू शकतो हेच कुणी धरून चाललेलं नव्हतं.

जर्मन अभ्यासक हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी या शोधाचं नातं १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीशी जोडलं आहे. राखेमुळे १८१६ चा उन्हाळा आला नाही, ओट महागले, घोडे पोसणं अवघड झालं, म्हणून घोड्याविना गाडी. कथा मोहात पाडणारी आहे, पण १८१३ चा तो फेटाळलेला अर्ज मला अडवतो. ड्राइसला घोड्याशिवायची गाडी ज्वालामुखीच्या आधीपासून हवी होती. दुष्काळाने घाई केली असेल. ध्यास त्याचा स्वतःचाच.

१८१८ च्या जानेवारीत त्याला बाडेनचा एकाधिकार मिळाला, यांत्रिकीचा प्राध्यापक ही पदवीही मिळाली. पण मानहाइमने त्याआधीच, डिसेंबर १८१७ मध्ये, पदपथावर ही गाडी चालवायला बंदी केली होती आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर ती चालेना. मग घरावर संकट आलं. १८१९ मध्ये मानहाइमला कार्ल झांड या विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबूचा खून केला. ड्राइसचे वडील बाडेनचे वरिष्ठ न्यायाधीश होते. झांडला दया मिळाली नाही, १८२० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला आणि झांडला हुतात्मा मानणाऱ्या तरुणांनी राग मुलावर काढला. ड्राइस १८२२ मध्ये ब्राझीलला गेला, पाच वर्षांनी परतला. टंकलेखनाचं यंत्र, मांस बारीक करायचं यंत्र, असं काही ना काही तो करतच राहिला. १८४९ च्या क्रांतीत त्याने आपली सरदारकी सोडली आणि स्वतःला नुसतं नागरिक कार्ल ड्राइस म्हणवून घेतलं. प्रशियन फौजांनी क्रांती चिरडल्यावर त्याचं निवृत्तिवेतन क्रांतीच्या खर्चापोटी काढून घेतलं गेलं. १० डिसेंबर १८५१ ला तो कार्ल्सरूहेत कफल्लक अवस्थेत मेला. वेडा संशोधक अशी त्याची जी प्रतिमा नंतर रुजली, ती बरीचशी राजकीय शत्रूंनी रुजवली असं मला वाटतं. जो माणूस पदवी टाकतो त्याला वेडा ठरवणं सोपं जातं. पुढे सायकल सर्वत्र पसरल्यावर जर्मन सायकलस्वारांनीच कार्ल्सरूहेत त्याचं स्मारक उभारलं.

टुलाबद्दल माझा राग मात्र प्रवासात कमी झाला, हे सांगायला हवं. १८१३ च्या चारचाकी गाडीबद्दल त्याचं मत बहुधा बरोबरच होतं. ती जड होती आणि तिला तोलाचं कोडं सोडवायचंच नव्हतं. अभियंत्याने समोरचं यंत्र पाहिलं. त्यातून पुढे काय निघेल हे पाहणं त्याचं काम नव्हतं. पण बाडेनमध्ये आज नेमका उलटा प्रसंग चालू आहे. राज्य नदीला तेरा ठिकाणी पुराची जागा परत द्यायला निघालं आहे, बांध मागे घेऊन किंवा पाणी सोडायचे कप्पे करून. जंगलाला पाण्याची सवय राहावी म्हणून तिथे अधूनमधून मुद्दाम थोडं पाणी सोडायचं असतं. त्यालाही काठावरच्या काही गावांचा कडवा विरोध आहे: तळघरात पाणी येईल, डास वाढतील. नवऱ्याला त्यात हट्ट दिसतो. मला क्नीलिंगेनचे शेतकरी दिसतात, आणि त्या वेळी त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

मानहाइमच्या वर आल्ट्रिपला ऱ्हाइनची नाव आहे. सायकली नावेवर चढवून पलीकडे उतरावं आणि नदीकाठ सोडून थोडं आत ऱ्हाइनाऊ भागात जावं. रिलेश्ट्रासे म्हणून रस्ता आहे. ड्राइस १२ जूनला जिथून वळला ती चौकी याच भागात होती. रस्त्यावर गाड्यांची वर्दळ आहे, पाहायला तसं काही नाही, आणि ऱ्हाइनवर सायकल घेऊन येणारे बहुतेक जण तो फाटा न घेता पुढे निघून जातात. तुम्ही घ्या.