सगळ्यांचं एक बटण

‘पुढे’मधला उकार बटणाच्या तळाशी कापला गेला की पडद्यावर ‘पढे’ उरतं. ‘बंद करा’वरचा अनुस्वार छाटला गेला की ‘बद करा’. मराठीतून अर्ज भरायला लावणाऱ्या वेबसाइटवर असं दिसलं की वाचणारा मजकूर लिहिणाऱ्याला नावं ठेवतो. पण पुष्कळदा मजकूर अगदी बरोबर असतो. खोट असते बटणात, आणि ते बटण त्या वेबसाइटवाल्यांनी घडवलेलंच नसतं.

बटण, तारीख निवडायचं कॅलेंडर, खाली उघडणारी यादी, ‘नक्की काढून टाकायचं का?’ असं विचारणारी चौकट या गोष्टी आजकाल प्रत्येक जण नव्याने बनवत बसत नाही. त्या तयार मिळतात. अशा तयार भागांना आम्ही कंपोनंट म्हणतो आणि त्यांच्या संचाला कंपोनंट लायब्ररी. ट्विटरमधल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी २०११ साली ‘बूटस्ट्रॅप’ सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हापासून ही पद्धत घरोघरी पोचली. फुकट घ्या, वापरा, हवं तर बदला. बदल सगळ्यांच्या उपयोगाचा असेल तर परत पाठवा.

मी पुण्यात फ्रंट-एंडचं, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या बाजूचं काम करते आणि अशाच एका खुल्या लायब्ररीत हातभार लावते. उकार कापणारं बटण त्याच लायब्ररीतलं. त्यातली अक्षरं १४ पिक्सेलची, आणि ती ज्या अदृश्य पट्टीत बसतात तिची उंचीही नेमकी १४. इंग्रजी अक्षरं त्यात मावतात. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय ‘रद्द’मधल्यासारखी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. ती पट्टीच्या बाहेर जातात. बाहेर गेलेलं दिसलं तरी एक वेळ चाललं असतं. पण लांबलचक मजकूर शेवटी तीन टिंबं देऊन तोडता यावा म्हणून पट्टीबाहेरचं सगळं झाकायची आज्ञा त्या बटणात होती. ती आज्ञा आडवी हवी होती, उभीही लागू झाली. भरीला अक्षरांमध्ये थोडं अंतर टाकलेलं. इंग्रजीत ते देखणं दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात.

दुरुस्ती चार ओळींची. पट्टी १४ची २२ केली, वरखाली सोडलेली जागा प्रत्येकी १०ची ६ केली, दोन्ही कडांची एकेक पिक्सेलची रेघ धरून बटणाची एकूण उंची पूर्वीइतकीच ३६ राहिली. अक्षरांमधलं अंतर देवनागरीपुरतं काढून टाकलं. माझ्या स्वतःच्या प्रकल्पात हे काम चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. सामाईक लायब्ररीत मात्र इथून कामाला सुरुवात होते, आणि मला हे काम प्रिय आहे ते याच भागासाठी.

आधी इश्यू लिहायचा: काय बिघडतं, कुठल्या ब्राउझरमध्ये, कोणत्या शब्दांवर. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला ‘पुढे’ आणि ‘पढे’ यांतला फरक चित्र काढूनच दाखवावा लागतो. लायब्ररी सांभाळणारे हे मेंटेनर जगभर विखुरलेले असतात आणि बरेचसे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात, त्यामुळे त्यांचा वेळ वाया जाणार नाही असं लिहिणं ही पहिली पायरी. त्यांनी हो म्हटल्यावर मूळ कोडची आपली प्रत काढायची, बदल करायचा आणि ‘हा घ्याल का?’ म्हणून पुल रिक्वेस्ट पाठवायची. मग लायब्ररीतल्या प्रत्येक कंपोनंटचे जुने आणि नवे फोटो संगणक एकमेकांवर ठेवून तपासतो. एखादा पिक्सेल हलला तरी तो लाल रंगात उठून दिसतो. माझ्या बदलाने बटणं हलली नाहीत, पण बटण आत वापरणारी तारखेची चौकट दोन पिक्सेलने सरकली. ती कुणी विचारण्याआधी मीच नीट केली.

आमच्याकडे नवीन आलेला सांगलीचा एक मुलगा हे बघत होता. ‘ताई, चार ओळींसाठी इतकी तपासणी?’ म्हणाला. मी त्याला ‘अँट डिझाइन’ची गोष्ट सांगितली. चीनमधली ही प्रचंड वापरातली लायब्ररी. २०१८च्या २५ डिसेंबरला तिच्या बटणांवर अचानक बर्फ साचलेला दिसू लागला आणि माउस नेला की ‘हो हो हो’ अशी अक्षरं. गंमत म्हणून तो कोड काही महिने आधीच आत ठेवला होता आणि ठरलेल्या तारखेला तो जागा झाला. ज्यांच्या कार्यालयीन पडद्यांवर हा नाताळ अवतरला, त्या डेव्हलपरांना आपल्या साहेबांना काय सांगावं तेच कळेना. मेंटेनरनी माफी मागितली आणि तो भाग काढून नवी आवृत्ती आणली. मला त्यात हेतू वाईट दिसत नाही. पण आपलं बटण कुणाच्या दारात उभं आहे हे बनवणाऱ्याला माहीत नसतं, म्हणूनच बारीकसारीक बदलही चार डोळ्यांखालून जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

उलट बाजूचं एक फार चांगलं उदाहरण ब्रिटिश सरकारचं आहे. त्यांच्या सगळ्या खात्यांसाठी २०१८ साली एक सामाईक डिझाइन सिस्टिम खुली झाली. तिथे नवं कंपोनंट सुचवणाऱ्याला आधी विचारतात: हे बऱ्याच सेवांना लागेल का, आणि असलेल्याचीच ही दुसरी नक्कल तर नाही? २०२०मध्ये त्यांनी अंक भरायच्या चौकटीचा प्रकार बदलला. ब्राउझरची ठरलेली अंकांची चौकट वापरली की माउसचं चाक फिरताना भरलेला आकडा नकळत बदलू शकतो आणि बोलून टायपिंग करणाऱ्यांनाही ती त्रास देते, हे लक्षात आलं होतं. त्यामुळे साधी चौकट ठेवून मोबाइलवर फक्त अंकांचा कीबोर्ड उघडावा, अशी सोय केली. एका जागी शिकलेलं सगळ्या खात्यांना मिळालं. सामाईक लायब्ररी ठेवायची ती यासाठी.

आता रिलीज. प्रत्येक आवृत्तीला तीन आकडे असतात, समजा ४.३.०. शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय पण जुनं सगळं चालू, आणि पहिला वाढला तर सावधान, तुमचं काहीतरी मोडेल. बूटस्ट्रॅपची पाचवी आवृत्ती २०२१मध्ये आली तेव्हा ‘डावा-उजवा’ जाऊन त्या जागी ‘सुरुवात-शेवट’ आलं, कारण अरबी, हिब्रू, उर्दू उजवीकडून सुरू होतात. नावं बदलली म्हणजे जुन्या वेबसाइट मोडणार, म्हणून पहिला आकडा वाढला. दुसऱ्या लिप्यांसाठी एवढा खटाटोप केला गेला याचा मला आनंद वाटतो.

हे आकडे वाचून जगभरचे संगणक दुरुस्त्या आपोआप उतरवून घेतात, त्यामुळे चुकीचा आकडा दिला तर मोडणारा बदल न विचारता लोकांच्या घरात शिरतो. शिवाय एनपीएम या भांडारात एकदा वापरलेला आकडा पुन्हा वापरता येत नाही. मार्च २०१६मध्ये एका लेखकाने ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा आपला अकरा ओळींचा कोड तिथून काढून घेतला आणि त्यावर उभे असलेले हजारो प्रकल्प अडले. त्यानंतर प्रसिद्ध झालेलं मागे घेण्याचे नियम कडक झाले. चूक झाली तर पुढचा आकडा घेऊन सुधारायची.

माझ्या चार ओळींवर सगळ्यात लांब चर्चा झाली ती या आकड्यावरून. उंची तीच, नावं तीच, म्हणजे साधी दुरुस्ती, असं माझं म्हणणं. एका मेंटेनरने दाखवून दिलं की ज्यांनी वरखालची जागा आपापली भरून १० ठेवली आहे, त्यांची बटणं ३६ची ४४ होतील. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही वचन दिलं नव्हतं अशा गोष्टीवरही कुणीतरी विसंबलेलं असतंच. त्यामुळे आधी बीटा आवृत्ती काढली, हौसेने वापरून बघणाऱ्यांसाठी. तिथे तक्रार आली नाही, तेव्हा मधला आकडा वाढवून बदल बाहेर पडला, सोबत टीप: ‘वरखालची जागा स्वतः ठरवली असल्यास चार पिक्सेलने कमी करा.’ ती टीप लिहायला मला कोडपेक्षा जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा, कारण ती वाचणारा माणूस रात्री उशिरा, काहीतरी मोडल्यावरच ती शोधत येतो.

लायब्ररीच्या तपासणीत आता ‘रद्द करा’, ‘कृती निवडा’, ‘सर्वांची पूर्तता’ हे शब्द कायमचे घातले आहेत. उद्या पोर्तुगालमधल्या कुणी पट्टी पुन्हा आखूड केली तर फोटो लाल होईल. पुढचा इश्यू अंकांचा आहे. मराठी निवडलं की ब्राउझर स्वतःहून १२,३४,५६७ अशी लाखांची मांडणी देवनागरी अंकांत करू शकतो, पण आमच्या तक्त्याखालचे पानांचे आकडे अजून इंग्रजीच उमटतात. बंगाली आणि नेपाळीवाल्यांनाही तेच हवं आहे. अंक आपोआप बदलावेत की वापरणाऱ्याने मागितल्यावरच, यावर एकमत व्हायचं आहे. मागितल्यावरच बदलावेत असं मी लिहिलं आहे, कारण आज जे पान इंग्रजी अंकांत चालू आहे ते कुणाला न सांगता बदलायचा हक्क आपल्याला नाही.