विणकामाच्या धाग्याची पारख

जबलपूरच्या बडा फुहारा बाजारात विणकामाचा धागा मागणाऱ्या मराठी गृहिणीच्या कानी ‘ऊन’ हा शब्द पडतो. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. परंतु बोलण्यात मेंढीची लोकर आणि अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम धागा या दोहोंनाही तेच नाव चालते. रंग दोहोंचे मोहक असतात. भेद असतो तो तंतूत. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली भासत नाही. अ‍ॅक्रिलिक जेमतेम २ टक्के शोषते. म्हणून त्याच्या मोज्यांत घामेजलेला पाय गारठतो.

संशय आल्यास मोठ्या माणसाने धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकरीस जळक्या केसांचा वास येतो व तिची राख बोटांनी चुरते. अ‍ॅक्रिलिक मात्र वितळून पेटते व त्याचा काळा, टणक मणी बनतो. हा वितळलेला धागा कातडीस चिकटतो. तेव्हा शेकोटीपाशी बसणाऱ्या मुलाच्या टोपीसाठी लोकरच बरी.

गळपट्ट्यास सैल पिळाचा मऊ धागा शोभतो. मोज्यास घट्ट पिळाचा, थोडे नायलॉन मिसळलेला हवा, कारण टाच सतत घासते. सर्व गोळे एकाच वेळी रंगविलेले, म्हणजे वेष्टनावर एकच लॉट क्रमांक असलेले घ्यावेत. दुकानातील दिव्याखाली सारख्या भासणाऱ्या दोन छटा बाहेर सूर्यप्रकाशात धरल्या की निराळ्या दिसतात.