साखर, चुना आणि पोवळं

पत्रिकेतला मंगळ कडक निघाला की घरातलं कुणीतरी सराफाकडे जातं आणि पोवळ्याची अंगठी करून आणतं. सांगलीला याची सवय जुनी. गाडगीळांची पेढीच इथे १८३२ पासूनची. हिंदुस्थानचं पोवळ्याचं वेड त्याहून कितीतरी जुनं आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे की आमच्या बायकांना हिंदी मोत्यांचं जेवढं अप्रूप, तेवढंच तिकडच्या पुरुषांना पोवळ्याचं. पण बोटातलं ते तांबडं म्हणजे नक्की काय, दगड की झाडाची फांदी, हे पेढीवर बसून कुणी विचारत नाही.

विद्वानांनाही ते फार उशिरा कळलं. फ्रान्समधल्या मार्सेचा डॉक्टर पेसोनेल याने १७२० च्या दशकात ताजं पोवळं समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात ठेवलं. फांदीवर पांढरी फुलं उमलली. बोट लावलं तर मिटली. फुलं कधी दचकतात का? हा प्राणी आहे, असं त्याने पॅरिसच्या अकादमीला कळवलं, तर तिथल्या मोठ्या शास्त्रज्ञाने ते निबंधात मांडताना पेसोनेलचं नावच घातलं नाही. बिचाऱ्याचं हसू होऊ नये म्हणून!

अंगठीतलं तांबडं पोवळं भूमध्य समुद्रात, अंधाऱ्या कपारींत, मिलिमीटरच्या अंशाअंशाने वाढतं. त्याची भावकी मात्र उथळ, उबदार, लख्ख उन्हाच्या पाण्यात राहते आणि मैलोगणती दगडी भिंती बांधते. ही भावकी म्हणजे प्रवाळ. जगात अनेक शौकीन लोक तिला दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत सांभाळतात. वाटेल की सातारा-सांगलीच्या माणसाचा याच्याशी काय संबंध. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, इथे ऊस, द्राक्षं, हळद. पण प्रवाळाचा संसार समजून घ्यायला लागलो आणि मला जागोजागी आपलीच शेती भेटत गेली. हा प्राणी साखर आणि चुना या दोन गोष्टींवर उभा आहे. गुऱ्हाळात रस निवळताना चुना टाकलेला ज्याने पाहिला आहे, त्याला अर्धं प्रवाळ कळलेलंच आहे.

आधी साखर. प्रवाळाचा एक जीव, म्हणजे पॉलिप, कित्येकदा ज्वारीच्या दाण्याएवढा. एक पिशवी, तिला एकच तोंड (आत-बाहेरचा सगळा व्यवहार त्याच दाराने) आणि तोंडाभोवती लवलवणारे हात. या पिशवीच्या कातडीत, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात, सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातला नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा घरमालकाला देऊन टाकतं. आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसणारा यावर हसेल किंवा रडेल. बदल्यात कुळाला मिळतं राहायला घर, भरपूर ऊन आणि खत. मालकाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगातून निघणारा अमोनिया हेच ते खत. कुणाचं काही वाया जात नाही. म्हणूनच उष्ण समुद्राच्या निवळशंख, नापीक पाण्यात एवढी श्रीमंत वस्ती उभी राहते.

मात्र प्रवाळाला कूळकायदा लागू नाही. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एक-दोन अंशांनी वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिलं की शैवालाचा कारभार बिघडतो, साखरेऐवजी विषारी ऑक्सिजन तयार होऊ लागतो आणि मालक कुळाला घराबाहेर काढतो. रंग शैवालासोबत निघून जातो, काचेसारख्या कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच विरंजन. तेव्हा प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर नवं कूळ येतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं महाविरंजन जाहीर केलं.

समजा, सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या घरात दोनशे लिटरची टाकी मांडली. प्रवाळाला हवं साधारण २४ ते २७ अंश पाणी. आपला मे महिना चाळिशीला टेकतो. म्हणजे तीच आपत्ती दिवाणखान्यात दर उन्हाळ्यात दारात उभी. साताऱ्याला थोडं बरं, पण दुपारी वीज गेली की दोन्ही गावं सारखीच. पाणी गार करणारं यंत्र लागतं, नाहीतर माठाची युक्ती: पृष्ठभागावर पंखा लावायचा, वाफ होईल तसं पाणी निवतं. जास्त घातक मात्र पंप थांबणं. पाणी हललं नाही की तासाभरात प्राणवायू घटायला लागतो; म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप आधी घ्यावा, प्रवाळ नंतर.

वाफेवरून मुद्द्याचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या टाकीला सात किलो. स्वयंपाकातलं मीठ चालत नाही, कारण समुद्र म्हणजे नुसतं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट ठरलेल्या प्रमाणात असतात. वाफ होताना पाणी जातं, क्षार मागे राहतात. नवखा माणूस पातळी खाली गेली की पुन्हा खारं पाणीच ओततो, आणि टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाचं पाणी दिलं, उन्हाने उडालं, क्षार वर राहिले, जमीन क्षारपड झाली. टाकीतली चूक तीच. जमिनीचा ईसी, म्हणजे क्षारांचं माप, चारच्या वर गेला की आपण ती खारवट म्हणतो. समुद्राचा ईसी त्याच मापाने ५३ च्या आसपास! म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने, तेही आरओचं. बोअरचं पाणी आपले वेगळे क्षार घेऊन येतं आणि महिनाभरात हिशेब बिघडवतं.

पाणी तयार झालं म्हणून प्रवाळ सोडता येत नाही. चार-सहा आठवडे टाकी रिकामीच चालू ठेवतात, आणि पाहुण्यांना ती दाखवायची लाज वाटते. त्या काळात दगडांवर जिवाणूंची वस्ती बसते. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. युरिया टाकल्यावर शेतात जे होतं तेच. नदीकाठची माती हे काम आयतं देते, काचेच्या पेटीला मात्र ती माती आधी घडवावी लागते. इंडोनेशियातल्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये लिहून दाखवलं होतं की समुद्रातला जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगतं. आजची सगळी महागडी यंत्रं त्या खडकातल्या जिवाणूंची मदतनीस आहेत, मालक नव्हेत.

आता चुना. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पॉलिप आपल्या पायाखाली, कातडी आणि जुना दगड यांच्या फटीत, पाण्यातला कॅल्शियम ओढून आणतो आणि तिथला आम्लपणा बाहेर फेकतो. त्या चिमुकल्या खोलीत कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक जमतात. पॉलिप स्वतःला थोडा वर उचलतो, खाली नवा मजला बांधतो. दिवसा, शैवालाची साखर हाताशी असताना, बांधकाम रात्रीच्या कित्येक पट वेगाने चालतं. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, शिंगांसारख्या फांद्यांचं दहा सेंटिमीटर आणि जास्तही. समुद्रात कॅल्शियमचा साठा अफाट. टाकीत तो दर लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि गवंड्यांची टोळी रोज त्यातून उचल करते. तो परत भरायचा कसा?

जर्मन शौकिनांनी यावर काढलेला उपाय वाचून मला हसू आलं. चुन्याची निवळी! आपल्या आज्या लेकरांचे दात नीट यावेत म्हणून द्यायच्या, तीच. चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. मिरजेच्या दवाखान्यात सलाईन लावतात तसं थेंब थेंब, तेही रात्री. कारण अंधारात शैवालाचं काम बंद असतं, सगळ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लाकडे झुकतं. निवळी तो वायू पकडते आणि त्याचंच बांधकामाचं साहित्य करते. एका दगडात दोन पक्षी, आणि दगडही शेवटी चुन्याचाच. पानाच्या डबीतला चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय कोण जाणे. निवळी डोळ्यात उडू देऊ नये. ती जहाल अल्कधर्मी असते. किती जहाल, ते सांगलीची हळद सांगेल. तिच्यात टाकली की पिवळी हळद लालभडक होते. कुंकू याच रसायनातून होत आलं आहे.

तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या घरी ही टाकी ठेवली तर तो आठ दिवसांत तरबेज होईल. देठ परीक्षण, ईसी, पीएच, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं गुणोत्तर ही त्याची रोजची भाषा. टाकीतला माणूसही हेच मोजतो: कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट. आकडा अगदी पुस्तकातला असण्यापेक्षा तो रोज सारखा राहणं महत्त्वाचं. फक्त एक धोका त्याच घरात आहे. द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात दोन वस्तू असतात, चुना आणि मोरचूद. चुन्यावर प्रवाळ जगतं. मोरचुदातलं तांबं अगदी थोडं जरी पाण्यात उतरलं तरी मरतं. फवारणी करून आलेला हात टाकीत घालायचा नाही.

वाढलेली फांदी कापून चिकटवली की नवं प्रवाळ तयार, उसाच्या टिपरीसारखं बेणं. चिकटवायला साधा झटपट चिकटणारा डिंक पुरतो. पण दोन जाती जवळजवळ लावल्या तर रात्री लढाई होते. प्रवाळाच्या हातांवर विषारी भाल्यांच्या कुप्या असतात. त्याच्या गोड्या पाण्यातल्या नातेवाइकात, हायड्रात, हा भाला सुटायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो असं मोजलं गेलं आहे. सकाळी उठून पाहावं तर शेजाऱ्याची कडा पांढरी पडलेली. बांधावरचं भांडण, दुसरं काय.

टाकीवरचा निळसर दिवा शोभेचा नसतो. पाणी तांबडा प्रकाश आधी गिळतं, निळा खोल जातो, आणि शैवाल त्याच निळ्यावर पोसलेलं. या निळ्यात प्रवाळ हिरवं, केशरी, लाल पेटून उठतं, ते त्याच्या स्वतःच्या प्रथिनांमुळे. १९९९ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी यातलं लाल प्रथिन शोधलं. आज जगभरच्या प्रयोगशाळा पेशींच्या आतलं कामकाज अशा प्रथिनांच्या उजेडात पाहतात. शास्त्रज्ञांना ते प्रवाळ कुठे मिळालं? समुद्रापासून शेकडो कोस दूर, मॉस्कोतल्या घरगुती टाक्यांत. सातारकरांनी समुद्र लांब आहे अशी सबब सांगू नये.

कायद्याची बाब मात्र स्पष्ट सांगायला हवी. भित्ती बांधणारं दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मालवणला गेलात आणि किनाऱ्यावरचा तुकडा खिशात टाकलात, तरी तो गुन्हाच. शिक्षा तीन ते सात वर्षं. परदेशी दगडी प्रवाळालाही आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. दुकानदार उगमाचा कागद दाखवत नसेल तर तिथून नुसतं उठावं. पाहायचंच असेल तर गगनबावडा उतरून मालवण गाठावं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे. तिथलं प्रवाळ अंदमानसारखं दिमाखदार नाही. दर पावसाळ्यात नद्यांचं गढूळ, गोडं पाणी अंगावर घेऊन टिकून राहणाऱ्या चिवट जाती आहेत. मला तीच जास्त आवडतात.

आणि हा चुना मुळात समुद्रात आला कुठून? एक वाट आपल्या दारावरून जाते. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याच्या स्फटिकांत कॅल्शियम आहे. महाबळेश्वरचा पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतो आणि कणाकणाने तो पाषाण विरघळवतो. कृष्णा ते घेऊन निघते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेचं पाणी मिळतं, सांगलीचे घाट मागे टाकत ती आंध्रात समुद्राला जाते. समुद्रात गेलेला कॅल्शियम सरासरी दहा लाख वर्षं विरघळलेला फिरत राहतो. त्या अवधीत कुठलाही समुद्र त्याला दूर नाही, भूमध्यही नाही. विरघळलेल्यातला थोडा भाग वाटेत आपल्या घरातही थांबतो. पाणी तापवायच्या बंबात बसणारा पांढरा थर म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट, प्रवाळाचं हाड ज्याचं असतं ते. आई तो थर चिंच किंवा लिंबू लावून काढायची. आणि सराफ अंगठी हातात देताना बजावतो, पोवळ्याला चिंच-लिंबू लागू देऊ नका.