दम लागतो तेव्हा

वाशीतल्या आमच्या सिडकोच्या इमारतीला लिफ्ट नाही. अम्मी दुसऱ्या मजल्यावर टेकायची, म्हणायची, “वय झालं.” वर्षभर आम्हीही तेच मानलं. मग इकोत कळलं, महाधमनीची झडप कॅल्शियम साचून आखडली आहे.

पूर्वी अशी झडप छाती उघडूनच बदलत. २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलाँ क्रिबिए यांनी प्रथमच रक्तवाहिनीतून नळी नेऊन नवी झडप बसवली. आता नळी बहुधा जांघेतून जाते. मिटलेली झडप जुनीच्या आत उघडते आणि तिला बाजूला सारते. या उपचाराला ‘टावी’ म्हणतात. खर्च मोठा, पक्षाघाताचा धोकाही असतो. सर्वांना तो चालतोच असं नाही. पण वयाला बोल लावण्याआधी छाती तपासून घ्या.